हाताला पेलेल असा

“तिसरा फ्लॅश मागून मारू, की वरून?”

मालननं हे स्टुडिओच्या उंबऱ्यातच विचारलं. पायांतल्या चपला अजून निघायच्या होत्या. एका खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, दुसऱ्या खांद्याला दोन स्टँडची लांब पिशवी, काखेत पांढऱ्या कापडाची छत्री, फ्लॅशचा उजेड मऊ करायची. आणि मागे तिचे वडील.

बाबालाल मास्तर काउंटरशी बसून पासपोर्ट फोटोंच्या कडा कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आधी आत ये,” ते म्हणाले. “ज्ञानबा, तू पण ये. उन्हात का उभा?”

“ही सरकंल तवा येणार की मी. दार अडवून उभी हाय,” वडील म्हणाले. “लग्नात पण अशीच उभी ऱ्हाती. लोकास्नी नवरी दिसत न्हाई, हिची पाठ दिसती.”

मास्तर हसले.

मालन हसली नाही. तिला घाई होती.

ही गोष्ट रोल धुवायच्या दिवसांतली. फोटो काढला तरी तो कसा आला हे कळायला वाट बघावी लागायची, तेव्हाची. तासगावच्या पेठेत तांबोळी फोटो स्टुडिओला एकेकाळी जत्रेसारखी गर्दी असायची. आत खुंटीला एक काळा कोट टांगलेला. पोरगा कुणाचाही असो, लग्नासाठी फोटो काढायचा तर अंगात तोच कोट. त्या कोटावर तालुक्यातली किती लग्नं जमली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. कोटाशेजारी आरसा, आरशाखाली फणी आणि पावडरचा डबा.

पुढे रंगीत फोटो आले. लोक सांगलीला जायला लागले. कोटाच्या खांद्यांवर धूळ बसली.

फणी मात्र मास्तर अजून रोज सकाळी धुवून ठेवायचे.

मालन इथंच शिकली. परकर-पोलक्यातली पोर असताना आली आणि लग्न होऊन, दोन लेकरांची आई होऊन, स्वतःचं दुकान टाकेपर्यंत येत राहिली. आता एसटी स्टँडसमोर तिच्या नावाची पाटी होती. तालुक्यात तिला फ्लॅशवाल्या मालनताई म्हणत. मांडवात दोन स्टँड उभे करायची, दोन्हीवर फ्लॅश. एकाची वायर कॅमेऱ्याला. दुसऱ्याला बिनवायरीचा एक डोळा, पहिला चमकला की त्याला बघून आपोआप चमकणारा. लोक नवरा-नवरीपेक्षा त्या डोळ्याकडेच बघत बसायचे. जिल्ह्याच्या स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता आणि तिचा फोटो पेपरात छापून आला होता.

तो मात्र अंधारा आला होता.

“बोल,” मास्तर म्हणाले. “तिसरा कशाला?”

“आबांच्या फोटोसाठी.”

“ज्ञानबाचा फोटो? आणि आजच?”

“सोमवारी आबांचे दात काढायचेत. सगळे.”

“सगळे म्हंजे उरल्यात तेवढे,” तिचे वडील ज्ञानू गुरव बाकावर टेकत म्हणाले. “बाकीचे आपणहून गेले. शाणे होते.”

कातर थांबली.

मास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आपल्या जुन्या मित्राकडे पाहिलं. उभं आयुष्य दोघांनी एकाच मांडवात काढलं होतं. एकानं सनई वाजवायची, दुसऱ्यानं फोटो काढायचे. जेवायला दोघंही शेवटच्या पंगतीला, शेजारी-शेजारी.

“आणि सनई?” मास्तरांनी विचारलं.

“बघू...”

“डॉक्टर काय म्हणतो?”

“डॉक्टर म्हणतो कवळी झकास बसंल. मी म्हटलं, कवळी बसंल हो, पण सूर बसंल का? तर म्हणतो, ते आमच्या शिक्षणात न्हाई.”

मालननं बॅगेची चेन ओढली. ती मध्येच अडकली. तिनं पुन्हा ओढली.

“चेहरा बदलतो, मास्तर,” ती म्हणाली. “गाल आत जातात. ओठ बसतात. मला आत्ताचा चेहरा पाहिजे. सनईवाल्याचा. सोमवारनंतर तो चेहरा जगात नसणार.”

चेन उघडली. तिनं आतून तीन फोटो काढले आणि काउंटरवर ओळीनं मांडले.

“मी तीनदा काढला. घरी, दुकानात, देवळाच्या पायऱ्यांवर. बघा तुम्हीच.”

मास्तरांनी पहिला उचलला. मग दुसरा. तिसऱ्यावर बराच वेळ थांबले.

फोटोंत नाव ठेवायला जागा नव्हती. नाकाची सावली नव्हती, की गालावर चकाकी नव्हती. टोपीची शिवण टाक्या-टाक्यानं दिसत होती. आणि टोपीखाली एक म्हातारा माणूस बसला होता, दगडाचा.

“कसाय?” मालननं विचारलं.

“टोपी छान आली.”

“मी पण तेच म्हटलं,” बाकावरून आवाज आला. “तलाठी हापिसात लावायला चालंल.”

“आबा, तुम्ही गप्प बसा जरा!”

“बसलोय की. फोटोत बघ, किती गप्प बसलोय.”

मालन मास्तरांकडे वळली. आता ती भरभर बोलू लागली. तिनं सगळा विचार करून ठेवला होता.

“मागून उजेड नाही ना, मास्तर, म्हणून असं होतंय. टोपी पडद्याला चिकटली. खांदे चिकटले. माणूस पडद्यातून सुटून पुढे येत नाही. तिसरा फ्लॅश मागून मारला की कडा उजळतील, चेहऱ्याला जीव येईल. सांगलीच्या दुकानदारानं दोन फ्लॅश बाजूला काढून ठेवलेत माझ्यासाठी, उद्यापर्यंत. एक मोठा आहे, भिंतीतल्या विजेवरचा. पोर्ट्रेटला तो राजा. पण लग्नात न्यायचा म्हणजे ओझं, आणि वीज गेली की खेळ खलास. दुसरा छोटा, सेलवरचा. मांडवात कुठंही बांधता येतो, खांबाला, झाडाला. पण उजेड कमी, आणि एकदा चमकला की दुसऱ्यांदा भरायला वेळ घेतो. तेवढ्यात अंतरपाट खाली पडून जातो. आता तुम्ही सांगा.”

मास्तर ऐकत होते.

“तिसरा पाहिजे,” ते म्हणाले. “खरं आहे तुझं.”

मालन क्षणभर गोंधळली. येताना एसटी स्टँडपासून तिनं भांडणाची तयारी केली होती.

“मला वाटलं तुम्ही म्हणाल, एकात भागव.”

“एकात कसं भागेल? मी तरी कधी एकात भागवलं?”

“मग कुठला घेऊ?”

मास्तरांनी उजवा तळहात पुढे केला. उताणा. भाजीवाली दुधीभोपळा जोखते तसा तो हळूच वर-खाली केला. हात थोडा कापत होता. गेल्या दिवाळीपासून तो असाच कापायचा.

“हाताला पेलेल असा घे.”

“मास्तर, तो स्टँडवर राहणार. हाताचा काय संबंध?”

मास्तर पुन्हा कडा कातरू लागले.

मालनला राग आला. जुनाच राग होता तो, नवा नव्हता.

मास्तरांनी जन्मात स्टँड घेतला नाही. दुसरा फ्लॅश लांब वायरीला जोडायचे आणि मांडवातल्या कुणाच्या तरी हातात द्यायचे. कुणाच्याही नव्हे. आधी थोडा वेळ नवरीशेजारी उभे राहायचे, काहीबाही बोलायचे, आणि मग गर्दीतून एकाला बोलवायचे. कधी नवरीचा मामा, कधी मैत्रीण. एकदा तर नवरीची आजी, जिला स्वतःला उभं राहायला काठी लागायची. “धरा जरा,” मास्तर म्हणायचे. “असा. वर. आणि पोरीकडं बघत राहा.” मामा बिचारा फेटा सावरत, घाम पुसत उभा राहायचा. मांडवात हशा पिकायचा. “मास्तर, एक स्टँड घ्या की! पावणा खुंटीला टांगलाय!” मास्तर हसायचे आणि कॅमेऱ्यात तोंड घालायचे.

मालनला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तिला वाटायचं, आपले गुरू कंजूष आहेत. स्वतःचं दुकान टाकल्यावर तिनं काउंटरच्या आधी स्टँड घेतले.

“एक बोलू का, मास्तर? रागावू नका.”

“बोल.”

“तुमच्या फोटोतली माणसं कॅमेऱ्याकडं बघतच नाहीत. एकाचीही नजर समोर नाही. कुणी डावीकडं, कुणी उजवीकडं. स्पर्धेत असला फोटो पहिल्याच फेरीत बाद करतात.”

“करतात?”

“करतात. मी परीक्षकांच्या शेजारी बसून बघितलंय.”

“बरं.”

एवढंच म्हणाले. “बरं.”

मालननं भिंतीकडे पाहिलं. तिथं अजूनही जुने फोटो होते, कोपऱ्यांत पिवळे पडलेले. मधोमध तिच्या यमुआत्याचा. मुंडावळ्या, हळद, केसांत अडकलेल्या अक्षता, आणि आत्या तोंड भरून हसतेय. डावीकडे बघून. नाकाची सावली पार ओठांपर्यंत आलेली. त्या सावलीची मालनला लाज वाटायची, कारण डावीकडून तो फ्लॅश तिनंच धरला होता. तेव्हा ती इतकी लहान होती की फ्लॅश आणि तिची उंची यांत फार फरक नव्हता. मास्तरांनी सगळ्या वऱ्हाडातून तिलाच बोलवलं होतं. “ये गं पोरी. तुझ्या आत्याकडं बघत राहा.” मांडवाच्या कोपऱ्यात आबा सनई वाजवत होते.

त्या दिवसापासून ती या धंद्यात. आणि गंमत म्हणजे आत्याकडे अजूनही कुणी आलं की अल्बम निघतो, आणि पानं उलटता उलटता सगळ्यांचे हात त्याच फोटोवर थांबतात.

लोकांना कळत नाही, असं मालन म्हणायची.

“लाव तुझे दोन,” मास्तर कातर खाली ठेवत म्हणाले. “बघू दे मला.”

मालननं पिशवी सोडली. या कामात तिचा हात कुणी धरला नसता. खटाखट पाय उघडले, स्टँड उभे राहिले, एकाला छत्री बसली, दुसरा भिंतीकडे वळला. मध्ये लाकडी स्टूल, मागे काळा पडदा, समोर तिवईवर कॅमेरा. बघता बघता जुन्या स्टुडिओला नवं रूप आलं. फ्लॅश भरताना बारीक शीळ घालू लागले.

मास्तर कौतुकानं बघत होते. खरंच कौतुकानं.

“सुंदर,” ते म्हणाले. “मला असं कधी जमलं नसतं.”

मालनला बरं वाटलं.

“आबा, या.”

ज्ञानू गुरव उठले. आरशाशी गेले. फणी उचलली, टोपी काढली, असलेल्या चार केसांवरून फणी फिरवली आणि टोपी परत घातली. मग येऊन स्टुलावर बसले. बसताक्षणीच त्यांची पाठ ताठ झाली, हात गुडघ्यांवर गेले आणि चेहऱ्यावरून कुणीतरी सारवून घेतल्यासारखं झालं.

“लेन्सकडं बघा, आबा.”

“बघतोय.”

“हनुवटी वर. थोडी खाली. हं... आता हसा की जरा.”

“कुणाकडं बघून?”

“लेन्सकडं!”

“त्या काचंकडं?” वडील म्हणाले. “तू त्यात तोंड खुपसलंस की दिसतच न्हाईस. खोलीत मी एकटाच ऱ्हातो. एकटा माणूस हसला, तर त्याला येडा म्हणत्यात.”

“आबा, आता बोलू नका, ओठ हलतात.”

वडिलांनी ओठ मिटले.

दोन्ही फ्लॅश चमकले. पडदा, टोपी, गुडघे, सगळं लख्ख झालं आणि विझलं.

मालननं कॅमेऱ्यातून डोकं बाहेर काढलं. रोल धुवायची गरज नव्हती. चौथा दगड निघाला, हे तिला कळलं होतं. ती छत्रीचा कोन उगाच बदलत राहिली.

“मागून उजेड पाहिजे,” ती पुटपुटली. “बाकी काही नाही. मागून पाहिजे...”

मास्तर उठले.

सावकाश चालत त्यांनी भिंतीकडचा स्टँड उचलला आणि पडद्याजवळ, ज्ञानबाच्या पाठीमागे नेऊन ठेवला. फ्लॅशचं तोंड टोपीच्या कडेवर धरलं.

“हा घे तुझा मागचा.”

“मग समोर एकच राहिला.”

मास्तर दुसऱ्या स्टँडशी गेले. छत्री मिटली आणि बाकावर ठेवली. फ्लॅशचा स्क्रू फिरवायला लागले. हात कापत होता, त्यामुळे वेळ लागला. मालन मदतीला पुढे झाली, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. फ्लॅश सुटला. खिशातला धुतलेला पांढरा रुमाल काढून त्यांनी त्याच्या तोंडावर बांधला, बाळाच्या डोक्याला टोपरं बांधावं तसा.

मग तो मालनपुढे धरला.

“धर.”

“स्टँड आहे की, मास्तर.”

“त्याला राहू दे. दमलाय.”

सगळं जुनं आठवून ज्ञानू गुरव खुदकन हसले. मालनला ते दिसलं नाही. ती मास्तरांकडे बघत होती.

“मी धरला तर कॅमेऱ्याशी कोण?”

मास्तर तिवईशेजारच्या खुर्चीत बसले होते. कॅमेऱ्याच्या बटणाला लावायची लांब वायर त्यांनी शोधून काढली होती. तिचं टोक अंगठ्याखाली धरलं होतं. हात कापत होता तशी वायरही कापत होती, पण कॅमेरा तिवईवर स्थिर होता.

“मास्तर...” मालनचा आवाज खाली आला. “हा फोटो मला काढायचाय. मी सगळ्या तालुक्याचे काढले. आबांचा माझ्या हातचा एक धड नाही. सोमवारी...”



“हात वर,” मास्तर म्हणाले.

तिचा हात वर गेला. सवयीनं. कितीतरी वर्षांपूर्वीची सवय, ती अंगात अजून होती, हे तिलाही माहीत नव्हतं.

“अजून थोडा. असा. आणि आबाकडं बघत राहा.”

मालननं वडिलांकडे पाहिलं.

आधी तिला उजेडच दिसला. म्हणजे तो कुठं पडेल, नाकाची सावली कुठं जाईल, हेच. मग हळूहळू ते गेलं.

वरच्या ओठाच्या मध्यावर एक बारीक वण होता. सनई टेकवून टेकवून पडलेला. तो तिला माहीत होता, पण किती दिवसांत दिसला नव्हता. डाव्या भुवईत एक केस पांढरा आणि लांब, सगळ्यांच्या पुढे आलेला. गाल अजून भरलेले, फुंकून फुंकून सैल पडलेले. लहानपणी ती त्या गालांवर बोटं दाबायची, आणि आबा मुद्दाम फुस्स करून हवा सोडायचे.

वडीलही तिच्याकडे बघत होते. बघण्यासारखं आता समोर दुसरं काही नव्हतं.

“मालू...”

“हं?”

“हात दुखतोय का गं?”

“नाही.”

“दुखंल आता. यमीच्या लग्नात दुखला होता. रडायला आली होतीस.”

“मी नाही रडले.”

“रडलीस. नाक वर वडत होतीस, आणि फ्लॅश काय सोडला न्हाईस. मी कोपऱ्यातनं बघत होतो की.”

“तुम्ही कुठं बघत होता? तुम्ही तर डोळे मिटून वाजवता, आबा. सगळ्यांना माहिताय.”

“त्या दिवशी उघडे ठेवले.”

मालनचा हात जरासा खाली आला. तिनं तो पुन्हा वर केला.

“खोटं.”

“गणपतीशपथ. एवढुशी पोर, एवढा मोठा उजेड धरून उभी. डोळं मिटतील व्हय? मिटलं तर पडली-बिडली असतीस. सगळी मंगलाष्टकं तुझ्याकडं बघत काढली. आणि त्यापायी एक सूर चुकला. भर मांडवात! व्याही वळून बघाय लागला.”

“आबा!”

“बाबालालला इचार. चुकला का न्हाई?”

“चुकला होता,” खुर्चीतून मास्तर म्हणाले.

ज्ञानू गुरव हसले. हसताना त्यांनी नेहमीसारखा तोंडावर हात नेला नाही. उरलेले सगळे दात, पडलेल्यांच्या सगळ्या फटी, ओठावरचा वण, सैल गाल, सगळं एकदम हसलं. टोपी तिरकी झाली. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायचंही राहिलं.

मालन पण हसत होती. नाक वर ओढत.

फ्लॅश चमकला. मागचाही चमकला.

तिच्या हातातला फ्लॅश पुन्हा भरताना बारीक शीळ घालत होता. रस्त्यावरून द्राक्षांच्या रिकाम्या पेट्या घेऊन एक टेम्पो खडखडत गेला.

“झालं?” वडिलांनी विचारलं. “का अजून हनुवटी खाली?”

“झालं,” मास्तर म्हणाले.

ज्ञानू गुरव उठले. आरशात बघून टोपी सरळ केली. मग भिंतीवरच्या यमुनेच्या फोटोशी जाऊन उभे राहिले. आपली बहीण कुणाकडे बघून हसतेय, हे त्यांना ठाऊक होतं.

मालनचा हात अजून वरच होता. तो आता खरंच दुखत होता.

ती कॅमेऱ्याशी गेली नाही. आत कसं आलं असेल, नजर किती हलली असेल, सावली कुठं गेली असेल, यातलं काही तिनं विचारलं नाही. रुमालाची गाठ सोडून तिनं तो नीट घडी केला आणि मास्तरांपुढे ठेवला.

“उद्या जाऊ ना सांगलीला?” तिनं विचारलं.

“जा की.”

“दोन्ही फ्लॅश हातात धरून बघते.”

“बघ.”

मास्तर वायर गुंडाळत होते. कापऱ्या हातानं एकेक वेढा सावकाश पडत होता. मालन समोर उभी राहिली. तिला अजून काहीतरी विचारायचं होतं. उंबऱ्यात विचारलेल्या प्रश्नासारखं ते पाठ केलेलं नव्हतं.

“मास्तर...”

“हं.”

“उजेड आपणच धरून उभं राहायचं... तर मग फोटो काढायचा कुणी?”

मास्तरांनी वायरीचा शेवटचा वेढा घातला.

“कुणीही.”